पान एकशे बारा सोडून

मी एक कादंबरी बोलतेय. लहान मुलांची, साहसाची, एकशे चाळीस पानांची. सध्या ग्रंथपाल सरांच्या टेबलावर पडून आहे. उजव्या बाजूला खोडरबर आहे, डाव्या बाजूला 'बाद' असं लिहिलेला शिक्का आहे, आणि दोघांपैकी कोणाच्या तावडीत मी सापडणार हे अजून ठरायचंय. अशा वेळी पुस्तकं गळा काढतात. मला वाचवा, माझी पानं जपा, वगैरे वगैरे. मी तसलं काही करणार नाही. माफी तर मुळीच मागणार नाही. काय झालं ते सांगते, मग तुम्हीच बघा.

मला लिहिणाऱ्या बाई आयुष्यात एकदाच खेळांच्या पार्कात गेल्या होत्या. आकाशपाळण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या, पाळणा समोर आला तशी त्यांना चक्कर आली आणि त्या सावलीत जाऊन बसल्या. एवढ्याशा भांडवलावर त्यांनी मला लिहिलं. पण लिहिलं मात्र झकास.

माझी गोष्ट अशी. पार्कचं फाटक बंद होतं आणि तीन भावंडं आतच राहतात. थोरला, मधली आणि धाकटी. दिवे विझतात आणि सगळं जिवंत होतं. लाकडी घोडे खुरं आपटत खाली उतरतात, ड्रॅगन वाफ सोडतो, आरशांच्या घरातून एक लुकडा जादूगार बाहेर येतो. त्याला आकाशपाळणा उलटा फिरवायचा असतो. तसं झालं तर मोठी माणसं लहान होतील आणि लहान मुलं नाहीशीच होतील!

मग येतं पान एकशे बारा. भावंडांचा पाळणा अगदी वर जाऊन थांबतो. जादूगार खालून हसतो. थोरला दाराची कडी काढून बाहेर पडतो, लोखंडी कांबीवरून चालत चाकाच्या मधोमध जातो आणि तिथला लाल दांडा ओढतो. हे पान वाचताना मुलं श्वास घ्यायला विसरायची. त्या पानाचा मला इतका गर्व होता की कुठूनही उघडा, मी त्याच पानावर उघडायचे.

छापून, शिवून, चकचकीत मुखपृष्ठ लेवून मी या वाचनालयात आले. इथले ग्रंथपाल सर म्हणजे भारी कडक माणूस. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ते पानापानाने तपासतात. दुमडलेला कोपरा नखाने सरळ करतात, पेन्सिलीची खूण दिसली की शर्टाच्या खिशातून खोडरबर काढतात. मुलांनी त्यांचं नाव खोडरबर सर ठेवलंय, आणि त्यांना ते माहीत आहे. वाचनालयात पेन्सिल आणायला बंदी. आणली तर ती सरांच्या टेबलाच्या खणात जमा होते. तो खण आता पेन्सिलींनी इतका गच्च भरलाय की उघडताना खडखडतो. एवढं असूनही माणूस वाईट नाही. रात्री कुलूप लावण्याआधी ते कपाटांवरून एकदा हात फिरवतात, हे आम्हा पुस्तकांशिवाय कोणाला ठाऊक नाही.

मला सगळ्यात जास्त वेळा नेलं ते एका चष्मेवाल्या मुलीने. वय दहा. घरी तिला सगळे ताई म्हणतात, कारण तिच्या पाठची एक आहे, सात वर्षांची टिकली. ताई वाचायची आणि टिकली ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, पलंगावर उभी राहून थोरला व्हायची आणि गादीवर उडी मारायची. ही पोर म्हणजे पायाला भिंगरी आणि भीती नावाला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या आत्याने दोघींना खऱ्या पार्कात नेलं. ताईने मलाही बरोबर घेतलं. गोष्टीतलं सगळं खरोखर आहे का ते तिला ताडून बघायचं होतं. आकाशपाळण्यात चौदा नंबरच्या पाळण्यात बसल्या, वरून सगळं पाहिलं, खाली उतरल्या, धावत सुटल्या. मी त्या पाळण्यातल्या बाकावरच राहिले.

संध्याकाळ झाली. गाणी थांबली. फाटक बंद झाल्याचा आवाज आला आणि एकेक दिवा विझत गेला. मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटतंय? छे! मी तर नटूनथटून तयार होते. बंद फाटकाच्या आत काय होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत? आता घोडे उठतील, म्हटलं. आता ड्रॅगन फुरफुरेल.

काही झालं नाही. घोड्यांवर ताडपत्री पडली. ड्रॅगनच्या शेपटीवर एक मांजर येऊन झोपलं. मी वाट बघून बघून कंटाळले, तेवढ्यात खालून आवाज आला. टण्. मग थोडं थांबून पुन्हा टण्.

हातात छोटी हातोडी आणि कानावर पेन्सिल असलेली एक बाई आकाशपाळण्याचा एकेक बोल्ट वाजवून बघत होती. वाजवायची, मान तिरकी करून ऐकायची. आवाज खणखणीत आला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट उद्या केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. आवाज बसका आला की पाना काढून आवळायची. ही पार्कातली फिटरबाई. शेवटची गिऱ्हाइकं गेली की तिचं काम सुरू होतं. चौदा नंबरपाशी आली आणि बॅटरीच्या उजेडात तिला मी दिसले.

"काय मिळालं?" फाटकावरच्या मामांनी खालून विचारलं.

"पुस्तक आहे. आपल्यावरच आहे, मामा. फाटक बंद झाल्यावर पार्कात काय होतं म्हणे."

"काय होतं?"

"बघते आता. मलाही कळू दे."

तिने मला तिच्या खोलीत नेलं. साखळ्या, पट्टे, ग्रीसचे डबे आणि एक स्टूल. चहा पिता पिता ती वाचू लागली. आधी हसली. मग भुवया चढल्या. मग तिचा हात कानाकडे गेला, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर पेन्सिल टेकली.

पान नऊ, जिथे भावंडं तिकीटखिडकीमागे लपतात, तिथे तिने कडेला लिहिलं: "ढिलं. मामा माणसं मोजून आत सोडतात, मोजून बाहेर काढतात. तीन मुलं कमी भरली तर मामा घरी जाणार नाहीत." पान एकतीस, जिथे घोडे जागे होतात: "आधी शिंकतील. ताडपत्रीवर धूळ फार." पान अठ्ठावन्न: "ड्रॅगनच्या पोटात पंखा आहे. हात घालू नये." सत्त्याहत्तराव्या पानावर धाकटी घाबरते आणि मधली तिला मांडीवर घेऊन तिच्या वेणीचे पेड मोजायला सांगते. तिथे फिटरबाई बराच वेळ थांबली. मग फक्त "घट्ट" असं लिहून तिने रेघ ओढली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. कोण कुठली ही, आणि माझ्या गोष्टीला ढिलं म्हणते? जिथे वाचणाऱ्याने तोंडात बोट घालायचं तिथे ही पाना घालत होती! पण ती आपली रोज रात्री चहाच्या वेळी मला उघडायची आणि पुढे सरकायची. तिसऱ्या रात्री पान एकशे बारा आलं.

ते वाचून तिने मला धाडकन मिटलं. पुन्हा उघडलं. लिहिलं: "असा दांडा कुठल्याही पाळण्याला नसतो. कांबीवर ग्रीस असतं, पाय ठरत नाही." मग उठून खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या आणि पुन्हा स्टुलावर बसली. या वेळी मोठ्या अक्षरात, छापील ओळींवरून आडवं लिहिलं: "पाळणा थांबला तर बसून राहायचं. कडीला हात लावायचा नाही. मी येतेय. वेळ लागेल, पण येतेय." एवढं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं आणि अक्षरं मागच्या पानावर उमटली.

शेवटच्या कोऱ्या पानावर तिने जे केलं ते कुठल्याच वाचकाने केलं नसेल. तिच्या कामात एक नियम आहे, तो ती मामांना नेहमी ऐकवायची. तपासलं आणि लिहिलं नाही, म्हणजे तपासलंच नाही. रोज रात्री प्रत्येक खेळाचा तक्ता भरायचा, खाली सही करायची, आणि सकाळी खेळ ताब्यात घेणाऱ्याने दुसरी सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय चाक हलत नाही. तिला वाटलं, पुस्तकालाही तेच लागू असणार. म्हणून तिने लिहिलं:

"तपासणी पूर्ण. वापरास योग्य, पान ११२ सोडून." खाली तिची सही. त्याच्याखाली "ताब्यात घेणाऱ्याची सही", आणि पुढे एक रिकामी रेघ.

माझ्यावर वाचनालयाचा शिक्का होताच. रात्रपाळी संपवून एका रविवारी सकाळी ती आली. वाचनालय उघडायचं होतं. दाराजवळच्या परतीच्या पेटीत मला सोडून ती झोपायला घरी गेली.

इकडे ताईचं कार्ड सरांनी काढून घेतलं होतं. पुस्तक हरवलं, मग मिळेपर्यंत दुसरं पुस्तक नाही. बिचारी दर रविवारी दारात उभी राहायची, सापडलं का विचारायला. त्या रविवारीही उभी होती. सरांनी पेटी उघडली, मी दिसले, आणि सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आलं बघ तुझं पुस्तक! घे, आधी तुझी शिक्षा संपवू." मला न तपासताच त्यांनी तारखेचा शिक्का मारून माझी रवानगी पुन्हा ताईच्या हातात केली. कडक माणूस एकदाच विरघळला, आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

त्या रात्री दोघी बहिणींनी मला नव्याने वाचलं. छापलेलं एकदा, पेन्सिलीचं चारदा. घोडे शिंकतात यावर टिकली इतकी हसली की तिला उचकी लागली. मला राग आला, नाही म्हणत नाही. माझं छापलेलं सोडून कडेचं वाचणारे वाचक मी पहिल्यांदाच बघत होते. आठवडाभरात दोघींना ते सगळं पाठ झालं. मग आत्याच्या मागे भुणभुण सुरू झाली. पुन्हा पार्कात जाऊ या, मामा माणसं कशी मोजतात ते बघायचंय.

गेल्या. मामांना मोजताना पाहिलं. ड्रॅगनच्या पोटाला कान लावून पंखा ऐकला. शेवटी आकाशपाळणा. आत्याला उंचीची भीती, ती खाली कठड्याशी उभी राहिली. त्या दिवसाची ती शेवटची फेरी होती. मी ताईच्या मांडीवर होते.

आमचा पाळणा अगदी वर पोचला आणि वीज गेली.

गाणी थांबली, दिवे गेले, चाक थांबलं. पाळणा वाऱ्यावर कुरकुरत हलू लागला. खालच्या एका पाळण्यात कोणीतरी बाप्या रडायला लागला. आत्या खालून नावं घेऊन ओरडत होती, पण शब्द वरपर्यंत येत नव्हते.

"ताई," टिकली उभी राहिली, "एकशे बारा!"

"खाली बस."

"अगं थांबलाय पाळणा! आता थोरल्यासारखं जायचं." तिने दाराच्या जाळीतून हात बाहेर घातला. मोठ्या माणसाचा हात तिथून जात नाही, तिचा गेला. बोटं कडीला लागली.

मी एक कादंबरी आहे. मला हात नाहीत, आवाज नाही. माझ्याकडे फक्त मी छापलेली वाक्यं असतात आणि त्या क्षणी त्यांतलं एक त्या पोरीला ओढून बाहेर नेत होतं. 'कडी काढून तो निर्भयपणे बाहेर पडला.' किती मुलांनी त्या वाक्यावर टाळ्या वाजवल्या होत्या! मला ते वाक्य गिळून टाकावंसं वाटलं.

ताईने तिचं मनगट धरलं.

"ते छापलेलं आहे. पेन्सिलीत काय लिहिलंय?"

"सोड ना."

"आधी सांग. काय लिहिलंय?"

"बसून राहायचं."

"पुढे?"

"कडीला हात लावायचा नाही."

"पुढे?"

"मी येतेय. वेळ लागेल, पण येतेय." टिकलीचा आवाज बारीक झाला. "पण कोण येतेय, ताई?"

"माहीत नाही."

"मग खोटं असलं तर?"

ताईने दुसऱ्या हाताने माझं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. मग ती म्हणाली, "खाली सही आहे. खोटं असतं तर सही कशाला केली असती?"

टिकलीने हात आत घेतला. ताईने तिला मांडीवर घेतलं, मला बाजूला ठेवलं आणि तिला वेणीचे पेड मोजायला सांगितलं. माझं सत्त्याहत्तरावं पान. तेवढं मात्र माझं छापलेलं होतं, बरं का!

किती वेळ गेला कोणास ठाऊक. पेड मोजून झाले, पुन्हा मोजून झाले. आणि मग खालून आलं. टण्. टण्. टण्.

मी लगेच ओळखलं. वीज गेली की चाक हाताने फिरवावं लागतं. खाली फिटरबाई आणि मामा हँडलला लागले होते. एक पाळणा खाली आणायचा, माणसं उतरवायची, आणि वरच्यांना कळावं म्हणून खांबावर तीनदा हातोडी वाजवायची. आमचा नंबर शेवटून दुसरा आला.

फिटरबाईने कडी उघडली. घामाने निथळत होती. "कोणी कडीला हात लावला होता का?"

"मी लावला," टिकली म्हणाली. "काढली नाही."

"का नाही काढलीस?"

टिकलीने माझ्याकडे बोट दाखवलं. "यात लिहिलंय."

फिटरबाईने मला ओळखलं. आत्या दोघींना कवटाळून रडत होती आणि ही तिथेच लोखंडी पायरीवर खाली बसली. "मामा, जरा दोन मिनिटं थांबा," म्हणाली. "वर एक पाळणा राहिलाय, माहितेय मला. दोनच मिनिटं." हात कापत असताना हँडल धरायचं नाही, हाही तिचा नियम होता.

आज ताईने मला परत केलं, आणि आज सरांनी मला तपासलं.

"हे कोणी केलं?" त्यांचा आवाज चढला.

"फिटरबाईंनी. त्यांनी पुस्तक तपासलंय, सर."

"पुस्तक तपासायला मी आहे ना इथे!"

ताईने सगळं सांगितलं. सरांनी उभ्याउभ्याच ऐकलं. मधे एकदा त्यांनी टिकलीच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुखरूप आलात, फार बरं झालं. पण बाळ, त्या बाईने चांगलं लिहिलं म्हणून आज सोडलं, तर उद्या दहा जण मिशा काढून ठेवतील. लगेच बाद नाही करत. आधी खोडून बघतो. पुस्तक पहिल्यासारखं होईल."

"पहिल्यासारखं नको ना, सर," ताई म्हणाली.

सरांनी खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवला. दोघी बाहेर बाकावर जाऊन बसल्या. अजून बसल्यात. टिकलीचे पाय बाकावरून लोंबकळताना इथून दिसतात.

मी हे बोलत होते तेवढ्यात सरांनी कामाला सुरुवात केली. पान नऊ खोडलं. मामांचं मोजणं गेलं. पान एकतीस खोडलं, घोड्यांची शिंक गेली. सरांचा हात हलका आहे, दुखलं नाही. दुखलं नाही याचाच राग आला. अठ्ठावन्न, सत्त्याहत्तर असं करत करत ते एकशे बारावर आलेत आणि तिथे थांबलेत. चष्मा काढून पुसलाय. छापलेलं वाचलं. पेन्सिलीचं वाचलं. पुन्हा छापलेलं वाचलं.

सर, आता माझं ऐका. माझ्या छापील वाक्याने एका मुलीचा हात कडीवर नेला आणि पेन्सिलीच्या वाक्याने तो मागे आणला. यातलं खराब कोणतं? मला पहिल्यासारखं करू नका. पहिल्यासारखी मी देखणी होते आणि खोटी होते. खोडायचंच असेल तर माझं छापलेलं खोडा, मी हूं की चूं करणार नाही. पण तिच्या ओळीला रबर लावाल तर ऐकून ठेवा, तिने इतकं दाबून लिहिलंय की शिसं गेलं तरी अक्षरं राहतील. पुढचं पोर बोट फिरवून वाचेल. शिक्का मारून रद्दीत टाकलंत तरी मी याच पानावर उघडेन.

सरांनी खोडरबर खाली ठेवलाय. पानं उलटलीत. आता शेवटचं पान समोर आहे. 'वापरास योग्य, पान ११२ सोडून.' सही. आणि ती रिकामी रेघ.

तीस वर्षांत या माणसाने कुठल्याही पुस्तकात एक अक्षर लिहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. घाई नाही, सर. वेळ लागला तरी चालेल.

टेबलाचा खण खडखडला. खोडरबर तर इथे माझ्या शेजारीच पडलाय. त्या खणात नुसत्या पेन्सिली आहेत.